विचारा बाईंना : इंग्रजीच्या क्लासातून इंटरनॅशनल शाळेत

मागच्या अंकात मी बँकॉकच्या शाळेतल्या दिवसांबद्दल ओझरतं लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. बहुतेक पत्रांचा सूर एकच : परदेशात इंग्रजी शिकवतो किंवा शिकवून आलो, आता इंटरनॅशनल शाळेत शिरायचं आहे, वाट कुठली? त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. नाव छापू नका असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही. पगाराचे आकडे मात्र मला विचारू नका. ते देशागणिक आणि शाळेगणिक इतके बदलतात की मी एक आकडा छापला तर दहा घरांत भांडणं लागतील.

प्रश्न – बाई, मी देवगडचा. बी.ए. इंग्रजी केलं, मग सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स केला आणि तीन वर्षं हो ची मिन्ह सिटीत एका भाषाकेंद्रात मुलांना इंग्रजी शिकवतोय. इथल्या थाओ दिएन भागात इंटरनॅशनल शाळा भरपूर आहेत. कितीतरी अर्ज टाकले, एकाचंही उत्तर नाही. भारतीय पासपोर्टमुळे असं होतंय की सेल्टा कमी पडतोय? बाबा म्हणतात, परत ये आणि कलमं बघ. परत आलो आणि घराजवळच्या एखाद्या ‘इंटरनॅशनल स्कूल’मध्ये नोकरी धरली तर तो अनुभव चालेल का? वय २५.

उत्तर – पासपोर्टचा मुद्दा खोटा नाही, त्यावर येतेच. पण तुझे अर्ज बहुधा त्याच्या आधीच बाजूला पडतायत. शाळेत अर्ज चाळणारा माणूस सुरुवातीलाच दोन गोष्टी शोधतो : शिक्षक म्हणून पात्र ठरवणारी पदवी किंवा परवाना, आणि शाळेतल्या वर्गाचा अनुभव. तुझ्याकडे आज दोन्ही नाहीत. तीन वर्षांचा अनुभव आहे, पण तो केंद्रातला, आणि शाळा तो शाळेचा अनुभव म्हणून धरत नाहीत. ऐकायला कडू आहे, पण उगाच गोड करून सांगत नाही.

सेल्टाला मी नावं ठेवणार नाही. १२० तासांच्या त्या कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं आणि मागे वही घेऊन बसलेला प्रशिक्षक नंतर एकेक चूक पदरात घालतो. आपल्याकडच्या कितीतरी बी.एड. झालेल्यांना इतकं रोखठोक कुणी कधी सुनावलेलं नसतं. वर्गात आपण कमी बोलायचं आणि मुलांना जास्त बोलायला लावायचं, ही सवय लागते ती तिथेच, आणि ती जन्मभर पुरते. पण सेल्टा हा भाषा शिकवता येते याचा दाखला आहे. शाळेत शिक्षक म्हणून नेमायला तो पुरत नाही.

कामातला फरक तुला ठाऊकच असेल. केंद्रात संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी तास. पुस्तक ठरलेलं, पातळी ठरलेली, दीड तास झाला की मूल आईच्या स्कूटरवर. शाळेत सकाळी साडेसातला हजेरी, वर्षभराचं नियोजन, मूल्यमापन, अहवाल, पालकसभा, मधल्या सुट्टीतली मारामारी आणि डबा न खाता बसून राहणारं एखादं पोर. मुख्याध्यापकाला खात्री हवी असते ती या सगळ्याची.

तेव्हा आधी पदवी. भारतातलं बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे आणि त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. हे वीस आठवडेच तुझ्या अर्जात नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही मुंबई विद्यापीठात मोडतात, त्यामुळे महाराष्ट्राची सीईटी देऊन जिल्ह्याजवळ राहूनही करता येईल. ‘इग्नूचं बी.एड. बाहेरून करतो’ असं डोक्यात असेल तर नियम आधी वाच : ते दूरस्थ बी.एड. मुख्यतः डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका, झालेल्या, नोकरीतल्या शिक्षकांसाठी आहे. नुसत्या पदवीवर तिथे प्रवेश मिळत नाही, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना फॉर्म भरल्यावर कळते.

व्हिएतनाम सोडायचंच नसेल तर ब्रिटिश विद्यापीठांचा आंतरराष्ट्रीय पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स, नोकरी सांभाळून करता येतो. पण फी भरण्याआधी एक लक्षात घे : त्यातून क्यूटीएस, म्हणजे इंग्लंडचा पात्र शिक्षकाचा दर्जा, मिळत नाही. माहितीपत्रकात ही ओळ बारीक अक्षरात असते. काही शाळांना तो पीजीसीई चालतो, काहींना क्यूटीएसच लागतो. ब्रिटिश सरकारने अलीकडे आय-क्यूटीएस नावाचा मार्ग सुरू केलाय, तो परदेशात राहून क्यूटीएसपर्यंत नेतो. त्यासाठी एखाद्या शाळेत प्रत्यक्ष शिकवावं लागतं, म्हणजे परत शाळा हवीच. अमेरिकेतल्या काही राज्यांचे परवानेही ऑनलाइन अभ्यास आणि शाळेतला सराव करून मिळवणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. हे सगळं महाग आहे. तू पंचविशीत आहेस आणि घरी राहायला छप्पर आहे. माझं मत विचारशील तर परत ये आणि बी.एड. कर. बाबांना वाटेल आपलं ऐकलं. वाटू दे.

परत यायचं नसेल तर निदान केंद्र सोड. हो ची मिन्ह सिटीत इंटरनॅशनल शाळांच्या खालच्या पायरीवर द्विभाषिक खाजगी शाळा आहेत. तिथे अर्धा दिवस व्हिएतनामी अभ्यासक्रम, अर्धा दिवस इंग्रजीतून केंब्रिजचा. त्यांना इंग्रजीचे शिक्षक सतत लागतात आणि त्या सेल्टावाल्याला दार उघडतात. तिथे वर्गशिक्षक म्हणून दोन वर्षं काढलीस की तुझा अर्ज चाळणाऱ्याची नजर पुढच्या ओळीवर जाईल.

अर्ज करताना पद नीट निवड. तू ‘इंग्लिश टीचर’ या पदासाठी अर्ज टाकत असशील तर तिथे तुझी स्पर्धा साहित्य शिकवणाऱ्यांशी आहे : दहावीच्या पातळीच्या आयजीसीएसई परीक्षेला कविता, आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला नाटक. तुझी जागा ईएएल. ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही त्यांना शाळेच्या इंग्रजीत उभं करण्याचं ते काम. केंद्रातून येणाऱ्याला शाळेत शिरायला याहून सरळ वाट मला माहीत नाही. मीही त्याच वाटेने गेले.

ते काम कसं असतं ते सांगते, कारण मुलाखतीत हेच विचारतात. सातवीच्या विज्ञानाच्या तासाला मी मागच्या टेबलावर एका कोरियन मुलाशेजारी बसायचे. धडा खाऱ्या पाण्यातून मीठ वेगळं करण्याचा. मी शिरोड्याची, मिठागरांच्या शेजारी वाढलेली, त्यामुळे तो तास माझ्या घरचाच. त्या पोराला बाष्पीभवन कोरियनमध्ये पक्कं ठाऊक होतं. वर्गात सगळ्यात नीट प्रयोग त्याचाच झाला : बशीच्या कडेला पांढरी रेघ धरली तशी त्याने कुणी न सांगता बर्नर बारीक केला, मीठ उडायला लागू नये म्हणून. अडलं ते निष्कर्षापाशी. त्याने लिहिलं, ‘वॉटर गो. सॉल्ट स्टे.’ विज्ञानाच्या शिक्षकाने दहापैकी तीन गुण दिले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला व्याकरण शिकवलं नाही. एका पट्टीवर वाक्याचा सांगाडा दिला : ‘ॲज द वॉटर अमुक, द सॉल्ट तमुक, बिकॉज...’ आणि बाजूला सहा शब्द. त्याने तीन ओळी लिहिल्या, बरोबर लिहिल्या, आणि तिसऱ्या ओळीत मी न दिलेला एक शब्दही घातला. मग मी विज्ञानाच्या शिक्षकाकडे गेले आणि विचारलं, गुण विज्ञानाचे देताय की इंग्रजीचे? ईएएलचं निम्मं काम मुलाशी असतं, निम्मं त्या शिक्षकाशी, आणि दुसरं निम्मं जास्त अवघड. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्येच मांडलं होतं की मैदानावरचं बोलणं एक आणि अभ्यासाची भाषा दुसरी. पहिली साधारण दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. मूल खेळताना फाडफाड बोलतं म्हणून त्याची मदत काढून घेणाऱ्या शाळा आजही आहेत. मुलाखतीत तू हे तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या उदाहरणाने सांगितलंस तर समोरचा ताठ बसेल. बेल फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेची ईएएल मूल्यमापनाची चौकट फुकट मिळते. ती उतरवून घे आणि तुझ्या आत्ताच्या दोन-तीन मुलांना त्यात बसवून बघ.

आता पासपोर्ट. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यात आपण नाही. चीनही इंग्रजी भाषाशिक्षकाच्या परवान्याला साधारणपणे तेच देश बघतो. तिथे ‘माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं आहे’ म्हणून उपयोग नाही, आणि तिथे डोकं आपटत बसू नकोस. इतर बऱ्याच देशांत कायदा आडवा येत नाही, पण पालकांना गोरा चेहरा हवा असतो आणि शाळेला पालक हवे असतात. हे आहे, आणि कुणी ‘आता तसं राहिलं नाही’ म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. फरक एवढाच, की केंद्रं चेहरा विकतात आणि चांगल्या शाळा परवाना बघतात. म्हणून आपल्यासारख्यांनी तर परवान्याशिवाय हलूच नये.

पत्राच्या शेवटी विचारलं आहेस की घराजवळच्या एखाद्या ‘इंटरनॅशनल स्कूल’मध्ये नोकरी धरली तर तो अनुभव चालेल का. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गावर दर दहा मैलांवर एक ‘इंटरनॅशनल’ पाटी आहे. आत सीबीएसई किंवा राज्य मंडळ. त्यात वावगं काही नाही, अनुभव शाळेचाच धरला जातो, पण आयबीचा म्हणून नाही. आयबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त शाळांची यादी आहे, केंब्रिजचीही आहे. पाटीपेक्षा यादी बघ.

प्रश्न – बाई, नमस्कार. मी चिपळूणची. बी.एस्सी. गणित, बी.एड. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नऊ वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवते. मिस्टर मस्कतला आहेत आणि आम्ही जूनमध्ये मुलांना घेऊन तिकडे जायचं म्हणतोय. तिथे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत नोकरी मिळेल का? मी कधी परदेशात शिकवलेलं नाही. आधी इंग्रजी शिकवण्याचा कोर्स करू का?

उत्तर – कोर्स करू नका. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, बी.एड. आहे, नऊ वर्षं हातात वर्ग आहे. वरच्या पत्रातला मुलगा जे मिळवण्यासाठी धडपडतोय ते तुमच्याकडे आधीच आहे, आणि तुम्ही त्याच्या जागी जायला निघालात. भाषाशिक्षकांच्या गर्दीत शिरण्याचं काही कारण नाही.

उलट एक दार तुमच्यासाठी २०२३ मध्ये उघडलं आहे. इंग्लंडचा क्यूटीएस आता भारतात शिक्षक-पात्रता मिळवलेल्यांनाही मागता येतो. अट अशी की ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता हवी. ‘भाषा’ म्हणजे फ्रेंच, स्पॅनिशसारख्या परक्या भाषा, तेव्हा इंग्रजीवाल्या भगिनींनी हुरळून जाऊ नये. तुमचं गणित आणि आठवी-दहावी दोन्ही बसतं. बाकीच्या अटी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर वाचा आणि अर्ज स्वतः करा, त्यासाठी एजंट लागत नाही.

मस्कतमध्ये दोन प्रकारच्या शाळा दिसतील. एक भारतीय शाळा, सीबीएसईच्या, जुन्या आणि मोठ्या. तिथे तुम्हाला तुलनेने लवकर काम मिळेल. दुसऱ्या ब्रिटिश किंवा आयबीच्या. दोघींच्या पगारात आणि सवलतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि भारतीय शाळेतून ब्रिटिश शाळेत उडी सहज पडत नाही. तरी पहिल्या वर्षी भारतीय शाळा मिळाली तर घ्या, घरात बसू नका. अनुभवात पडलेल्या खंडाचा प्रश्न मुलाखतीत फार त्रास देतो.

दोन गोष्टी तुम्हाला कुणी सांगितल्या नसतील. पहिली : परदेशातून आणलेल्या शिक्षकाला शाळा घर, वर्षाचं विमानभाडं, विमा, मुलांची फी देते. आधीपासून तिथेच राहणाऱ्याला घेतलं की तो ‘लोकल हायर’, आणि त्यातलं बरंच गळतं. तुम्ही जूनमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर जाऊन मग अर्ज केलात तर लोकल हायर ठराल. म्हणून अर्ज चिपळुणातूनच करा. घर मिस्टरांचं आहे म्हणून ते सोडलंत तरी चालेल, पण मुलांच्या फीबद्दल अडून बसा. दोन मुलांची इंटरनॅशनल शाळेची फी पगार खाऊन टाकते. तिथे गेल्यावर काम लागलं तरी नवऱ्याच्या व्हिसावर शिकवता येत नाही, शाळेला तुमचा कामाचा परवाना काढावा लागतो आणि शिक्षण मंत्रालयाची मंजुरीही लागते.

दुसरी : वेळ. ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या शाळा आदल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भरती करतात. जूनमध्ये जाऊन शोधू म्हणाल तर उरलंसुरलं मिळेल. आणि ऑगस्टअखेर शाळा सुरू म्हणजे गणपतीला घरी येणं विसरा. मुंबईच्या चाकरमान्याला जमतं ते तुम्हाला जमणार नाही. हे मी गमतीने लिहीत नाही. याच कारणावरून करार अर्धवट टाकून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता कागद, आणि इथे जरा थांबते, कारण आपल्या बायकांचं घोडं इथेच अडतं. तुमच्या पत्राखालची सही सासरच्या नावाने आहे. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. लग्नानंतर नाव बदलण्याचीही काही घरांत पद्धत आहे, तसं असेल तर पदवीवर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरीच. परदेशातल्या कारकुनाला हे तीन ओळींचं मराठी नाव वाचून काही बोध होत नाही. तो फाइल बाजूला ठेवतो. विवाह नोंदणीचा दाखला काढा. नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी हवी. आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही जवळ ठेवा. हे कागद मूळ पदवीच्या बरोबरीने प्रमाणित करून घ्या, नंतर एकेक पाठवायला लागलात तर पावसाळा जाईल.

प्रमाणित करण्याचा क्रम : विद्यापीठाची पडताळणी, राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे त्या करारातल्या देशांत चालणारा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे आणि ओमानही आहे, त्यामुळे तुमचं काम तिथवर भागतं. दुबई किंवा कतारला जाणाऱ्या मैत्रिणीला मात्र त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का वेगळा लागेल, तिची आणि तुमची यादी एक धरू नका. मंत्रालयाची अपोस्टिलची फी कागदामागे ५० रुपये आहे. एजंट त्याचे काही हजार मागतो तेव्हा तो धावपळीचे मागतोय हे समजून द्या किंवा मांडवी एक्स्प्रेस पकडून मुंबईतल्या अधिकृत केंद्रात स्वतः जा. मी स्वतः गेले होते. दुपारच्या जेवणाची सुट्टी सोडून सगळं वेळेवर झालं.

प्रश्न – मुलगा बी.कॉम. आहे. गुहागरात एका ओळखीच्याने सांगितलं की इंटरनेटवर इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा टेफल कोर्स आठवड्यात होतो आणि लगेच थायलंडच्या इंटरनॅशनल शाळेत नोकरी. एजंट दीड लाख मागतो. टुरिस्ट व्हिसावर जायचं, परवाना तिथे गेल्यावर. देऊ का?

उत्तर – देऊ नका.

आठवड्यात १२० तास करायचे तर रोज सतरा तास बसावं लागेल, हा साधा हिशेब आहे. थायलंडमध्ये शाळेत शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, कामाचा परवाना आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसफाचा, परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. मातृभाषा इंग्रजी नसलेल्याला इंग्रजीची परीक्षाही मागतात. यातलं काही हातात नसताना पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं बेकायदा आहे, आणि पकडला गेला तर एजंट नव्हे, मुलगा आत जातो.

दुसरं, परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. दीड लाख म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलंच. थायलंडची नोकरी सांगून तरुणांना म्यानमारच्या हद्दीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार घडले आहेत आणि २०२२ पासून आपल्या सरकारने त्याबद्दल जाहीर इशारे दिलेले आहेत. ओळखीचा माणूस भला असेल, पण त्याची ओळख कुणाशी आहे ते विचारा.

मुलाला शिकवायची खरीच आवड असेल तर आधी गावातल्या शाळेत वर्षभर शिकवू द्या. आवड असली तर टिकेल.

प्रश्न – वय ४६. सावंतवाडी. सौदीत कंपनीच्या कामगारांना पाच वर्षं इंग्रजी शिकवलं, एम.ए. बी.एड. आहे. आता उशीर झाला का?

उत्तर – नाही. व्हिसाची वयोमर्यादा जिथे आहे तिथेही ती बहुधा पंचावन्न-साठच्या पुढे लागते. उशीर वयामुळे नाही, पण गेली पाच वर्षं मोठ्या माणसांना शिकवलंत, हा प्रश्न आहे. वर्षभर पौगंडातल्या पोरांचा वर्ग घ्या, सावंतवाडीत शाळांना तोटा नाही. आणि सौदीचा पोलीस दाखला तिथे असताना काढला नसेल तर आजच त्याच्या मागे लागा. चांगल्या शाळा जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा मागतात, आणि देश सोडल्यावर तो मिळवणं म्हणजे भरतीच्या वेळी होडी ओढणं.

प्रश्न – मी थायलंडहून परतून सध्या वेंगुर्ल्यात आई-वडिलांकडे आहे. तिथे भाषाकेंद्रात आणि मग द्विभाषिक शाळेत शिकवत होते. बी.एड. आहे. पुढच्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, व्हिएतनामच्या एका इंटरनॅशनल शाळेची ऑनलाइन मुलाखत आहे, ऑगस्टपासूनच्या ईएएल शिक्षकाच्या पदासाठी. काय विचारतील?

उत्तर – अभिनंदन, आणि आधी एक शंका. ऑगस्टच्या जागेसाठी पावसाळ्यात मुलाखत म्हणजे कुणीतरी ऐनवेळी सोडून गेलंय. बाळंतपण असेल, आजारपण असेल, किंवा शाळाच अशी असेल की माणसं टिकत नाहीत. तुम्ही सरळ विचारा : या जागेवर आधी कोण होतं आणि त्या का गेल्या? ईएएल विभागात आत्ता किती जण आहेत आणि त्यातले दोन वर्षांपूर्वी किती होते? चांगल्या शाळेला या प्रश्नाचा राग येत नाही.

ते काय विचारतील? मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न येणारच, आणि आपल्याकडून गेलेले शिक्षक तिथेच घसरतात. साधारण असा असतो : एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबते आणि म्हणते, मिस, एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नका. तुम्ही काय कराल? आपण पटकन म्हणतो, मी तिला विश्वासात घेईन, म्हणेन की तुझं गुपित माझ्यापाशी राहील. चुकलं. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, तिला सांगायचं की तुझ्या भल्यासाठी मला हे ठरावीक व्यक्तीला सांगावं लागेल, ऐकलेलं तिच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी शाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्यायचं. हे काही परकं नाही, आपल्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ मध्येही कळवणं बंधनकारक आहे. फक्त आपल्याकडे ते कुणी स्टाफरूममध्ये बसून समजावत नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या गाडीवरून घरी सोडणं, व्हॉट्सॲपवर एकट्याशी बोलणं, हेही विचारतील. आपल्याकडे तो मायेचा भाग, तिकडे नोकरी जाण्याचं कारण.

मग एखादा नमुना तास मागतील किंवा ‘एका वर्गात पाच पातळ्यांची मुलं आहेत, काय कराल’ असं विचारतील. ‘मी प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष देते’ हे वाक्य म्हणू नका, सगळेच म्हणतात. एक धडा घ्या आणि दाखवा : या मुलाला चित्रं, त्याला वाक्याचा सांगाडा, तिला पहिला मसुदा स्वतःच्या भाषेत लिहायची मोकळीक. स्वतःच्या भाषेत लिहू देणं या मुद्द्यावर काही मुख्याध्यापक भुवया उंचावतील. तिथे मागे सरू नका. त्यावरून शाळा कशी आहे तेही कळेल.

मुलांना वर्गाबाहेर काढून शिकवता की वर्गातच शिक्षकासोबत, हाही प्रश्न ठरलेला. नुकत्याच आलेल्या मुलाला थोडे आठवडे बाहेर, बाकी सगळं वर्गात, असं माझं उत्तर असायचं. तुमचं वेगळं असेल तर कारणासकट सांगा.

व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. सकाळी नऊची वेळ तिथली की इथली हे मेलवर लिहून घ्या. पाऊस, वारा आणि वेंगुर्ल्याची वीज यांच्यावर विसंबू नका. लॅपटॉप आणि फोन आदल्या रात्री भरून ठेवा, दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि सुरुवातीलाच सांगून टाका की लाइट गेली तर दोन मिनिटांत फोनवरून जोडली जाईन. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर माडीवर बसू नका, माजघरात बसा.

संदर्भ म्हणून त्या द्विभाषिक शाळेच्या मुख्याध्यापकांचं नाव दिलं असेलच. नवी शाळा त्यांना परस्पर, गोपनीय पत्र पाठवते आणि तुम्ही दिलेला त्यांचा जीमेलवरचा पत्ता धरत नाही, शाळेचा अधिकृत मागते. ते अजून त्याच शाळेत आहेत का, हे मुलाखतीआधी विचारून घ्या. या धंद्यात मुख्याध्यापकही दोन-तीन वर्षांनी देश बदलतात.

(पुढच्या अंकासाठीची पत्रं महिनाअखेरपर्यंत पोचतील अशा बेताने पाठवावीत. जबाबी पाकिटं नकोत, वैयक्तिक उत्तरं देणं होत नाही.)